कार्पेट धुणं सोपं, पिळणं अवघड: नवख्यांनी वाँड कसा निवडावा

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातलं काम होतं. श्रावण, बाहेर दोन दिवसांची झड लागलेली. हॉलभर पसरलेलं कार्पेट मी आणि माझ्या मदतनिसाने दोन तासांत धुऊन काढलं. रंग असा उघडला की मीच माझ्यावर खूश. घरातल्या काकू आल्या, चप्पल काढली आणि एका कोपऱ्यात पायाचा अंगठा दाबला. अंगठ्याभोवती पाणी तरारून वर आलं.

"अहो दादा, धुतलंत छान, पण पिळलंच नाही की!"

चौथ्या दिवशी फोन आला. कार्पेट अजून दमट, घरभर कुबट वास. पंखे घेऊन परत गेलो, पैसे निम्मेच घेतले. मशीन नीट होतं, शाम्पू चांगला होता. चुकला होता वाँड, म्हणजे मशीनच्या पाइपला लावून कार्पेटवर फिरवायचा दांडा. छोट्या मशीनला मी चौदा इंची वाँड लावला होता. तोंड मोठं म्हणजे काम लवकर उरकतं, असं दुकानदार म्हणाला आणि मला ते लगेच पटलं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी हॉटेलं, लॉज, भक्तनिवास डागडुजीला लागलेत, आणि या धंद्यात नवीन उतरणारी पोरं माझ्याकडे येऊन पहिला प्रश्न मशीनचाच विचारतात. मशीन घ्याच, पण कार्पेटला टेकतो तो वाँड. पाणी तोच सोडतो आणि मळासकट तोच परत ओढतो. काकूंचा शब्द मी तेव्हापासून उचललाय: वाँड हे पिळायचं हत्यार आहे. त्याच नजरेने निवडायचा.

खरेदीला निघताना जवळ काय हवं

- मशीनचं माहितीपुस्तक, नाहीतर मशीनवरच्या पत्र्याचा फोटो. पंपाचा दाब, मिनिटाला किती लिटर पाणी, सक्शन आणि हवेचा प्रवाह, हे चार आकडे लागतात.
- सक्शनच्या होज पाइपचं टोक. सुटत नसेल तर त्याचं आतलं-बाहेरचं व्यासाचं माप, व्हर्निअरने घेतलेलं. पट्टीने घेतलेलं माप इथे दगा देतं.
- पाण्याच्या बारीक पाइपचं कपलिंग, काढून खिशात टाकलेलं.
- मोजपट्टी आणि एक बॅटरी. बॅटरी वाँडच्या तोंडात डोकावायला.
- गेल्या दोन महिन्यांच्या कामांची यादी: सोफे किती, ऑफिसं किती, गालिचे किती, जिने किती.

बिल पक्कं घ्या. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा सक्तीची नसते, त्यामुळे बरेच जण "कच्चं चालेल" म्हणून मोकळे होतात. वॉरंटी मात्र पक्क्या बिलावरच चालते. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या, वर्षभराने सुटे भाग मागवताना तोच लागतो.

१. आधी मशीनची ताकद ओळखा

सक्शनचे आकडे दोन. एक म्हणजे मोटर पाणी किती उंच उचलू शकते, दुसरा म्हणजे ती हवा किती वाहून नेते. पहिला कुठे इंचात दिलेला असतो, कुठे मिलीबारमध्ये. १०० इंच म्हणजे साधारण २५० मिलीबार, एवढं लक्षात ठेवलं की दोन कॅटलॉग शेजारी ठेवून तुलना करता येते. उचलण्याची ताकद पाण्याला धाग्यांतून सोडवते, हवा ते पाणी पाइपातून टाकीपर्यंत पोचवते. एक दणदणीत आणि दुसरा मरतुकडा असेल तर उपयोग नाही.

मग पाइप. आपल्यासारखे उचलून न्यायचं मशीन वापरणारे बहुतेक जण दीड इंची पाइपवर काम करतात. दोन इंची वाँड हे प्रामुख्याने गाडीत बसवलेल्या मोठ्या मशीनसाठी. परदेशातल्या व्हिडिओंत तेच दिसतात आणि आपल्याला भुरळ पडते. पण दीड इंची पाइपचं छेदक्षेत्र सुमारे पावणेदोन चौरस इंच आणि दोन इंचीचं तीनाच्या वर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. मोटर तीच, हवा तेवढीच, रस्ता मात्र रुंद. हवेचा वेग पडतो, पाणी दांड्यात खुळखुळत राहतं आणि मोटर बंद केली की ओंजळभर मळकं पाणी धुतलेल्या कार्पेटवरच परत सांडतं. हे मी एकाकडे डोळ्यांनी पाहिलंय. त्याला वाटत होतं व्हॉल्व्ह गळतोय.

२. तोंडाची रुंदी: सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात

वाँडचं तोंड उलटं करून बघा. खाली दोन ओठ असतात आणि त्यांच्यामध्ये लांब फट. याच फटीतून सगळी ओढ होते. फटीची लांबी गुणिले रुंदी करा. दहा इंची तोंड आणि एक सूत फट असेल तर सव्वा चौरस इंच. चौदा इंची तोंडाला तेवढीच फट असेल तर पावणेदोन, म्हणजे दीड इंची पाइपाच्या काठोकाठ. आणि फट दोन सुताची असेल, माझ्या त्या वाँडची होती, तर साडेतीन चौरस इंच. पाइप पावणेदोनचा आणि तोंड साडेतीनचं! ओठांशी हवेचा वेग निम्मा. बाजारातून ऊस घेऊन यायचा आणि चरकाचे रूळ सैल ठेवायचे, तसलं काम.

म्हणून माझा हिशेब असा. एका मोटरचं, आठ-दहा लिटर टाकीचं छोटं मशीन असेल तर नऊ-दहा इंचांच्या पुढे जाऊ नका. दोन मोटरचं किंवा तीन टप्प्यांच्या (एकामागे एक तीन पंखे असलेल्या) मोटरचं दमदार मशीन असेल तर बारा इंची घ्या, बहुतेकांना तोच आयुष्यभर पुरतो. चौदा इंची तेव्हाच, जेव्हा मशीन खरोखर मोठं आहे आणि काम लांबच लांब हॉलचं आहे. घरगुती कामं जास्त असतील तर तेव्हाही नको, कारण सोफ्याच्या पायांमध्ये तो शिरत नाही.

रुंद तोंडाची आणखी एक खोड. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात शहाबादी फरशीवर कार्पेट अंथरलं होतं. फरश्या वर-खाली. चौदा इंची तोंड दोन उंचवट्यांवर टेकायचं आणि मध्ये पोकळ राहायचं. एका कोपऱ्यातून शिट्टी वाजायची आणि सगळी ओढ त्या शिट्टीतच जायची. तोंड नीट बसलं की मशीनचा आवाज जड होतो, घुमतो. हवा चोरली जात असली की तो पातळ आणि उंच होतो. हा फरक कानाला ओळखता यायला आठवडा पुरतो, आणि एकदा कळला की कार्पेटकडे न बघताही काम नीट चाललंय की नाही ते समजतं.

३. जेट: आकडे वाचायला शिका

पाणी फवारणाऱ्या बारीक नोझलला जेट म्हणतात. त्यावर ११००२, ९५०३ असे आकडे कोरलेले असतात, आणि विकणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ते वाचता येतात. शेवटचे दोन सोडून जे पुढे उरतं तो फवाऱ्याचा कोन: ११० अंश, ९५ अंश. शेवटचे दोन म्हणजे ४० पीएसआय दाबाला मिनिटाला किती पाणी, अमेरिकन गॅलनच्या दशांशात. ०२ म्हणजे ०.२ गॅलन, आपल्या हिशेबात पाऊण लिटर. दाब चौपट केला, म्हणजे १६० पीएसआय, तर पाणी चौपट होत नाही, दुप्पट होतं: दीड लिटर.

आता सगळ्या जेटची बेरीज करा आणि पंपाच्या आकड्याशी ताडून बघा. पंप मिनिटाला दोन लिटर देतो आणि वाँडचे जेट मागतात चार, तर फवारा पंख्यासारखा उघडणार नाही, लोंबेल. उलट जेट फार बारीक घेतले तर घाण हलणारच नाही.

जेट एक की दोन-तीन? एकच असेल तर तो जरा उंचावर बसवलेला असतो आणि कोन मोठा असतो. कडांना पाणी कमी पडतं, पण देखभाल सोपी. दोन-तीन असतील तर पाणी सारखं पडतं, मात्र एक तुंबला की कार्पेटवर सरळ कोरडा पट्टा उमटतो, आणि तो तुम्हाला वाळल्यावरच दिसतो. ग्राहकाला त्याआधी.

तुंबण्याचं मुख्य कारण बोअरचं पाणी. इंदिरानगरच्या पुढे किंवा पाथर्डी फाट्याकडे अनेक सोसायट्यांत बोअर किंवा टँकरवर काम भागतं, आणि त्या जड पाण्यातला क्षार जेटच्या भोकात चिकटतो. जेटच्या आधी बारीक जाळी आहे का, ते घेतानाच विचारा. जेट तुंबला तर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. टाचणी, सुई, तार काहीही खुपसू नका. भोक अर्ध्या केसानेही वाकडं झालं तर फवारा कायमचा फिसकटतो. आमच्याकडे एकदा सेफ्टी पिनने तीन जेटचं वाटोळं झालंय. करणारा मीच.

४. कोणतं कापड, कोणतं तोंड

ऑफिसातल्या कार्पेट टाइल्स, हॉटेलच्या खोल्यांतलं नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन: इथे साधा दहा-बारा इंची वाँड बिनधास्त चालवा. लॉन्सवाल्यांची लग्नातली लाल-हिरवी पातळ कार्पेटं मात्र ओठांना चिकटतात आणि सगळी वर उचलली जातात. मदतनिसाला पुढचं टोक पायाने दाबून धरायला लावायचं.

गालिचा लोकरीचा असेल, भदोही किंवा काश्मीरचा हाताने गाठी मारलेला, तर थांबा. आधी एका कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं दाबून रंग उतरतो का बघा. उतरला तर वाँड गाडीतच ठेवा. नाही उतरला तरी कोमट पाणी, लहान जेट, कमी दाब. खाली तागाचा पाठ असलेलं कार्पेट जास्त भिजलं तर वाळताना तागातला तपकिरी रंग वर चढतो आणि ग्राहक म्हणतो तुम्ही डाग पाडलात. व्हिस्कोस तर ओलं झालं की कमजोर होतं आणि पिवळं पडतं. दिसायला रेशीम, किमतीलाही कधीकधी रेशीमच. असं काम नवीन माणसाने घेऊच नये, स्पष्ट नाही म्हणावं.

सोफा, गाडीच्या सीट, गाद्या यांना चार इंची हाताचं तोंड लागतं, जिन्याला सहा इंची. तुमची ती कामांची यादी आता काढा. यादीत निम्म्याहून जास्त सोफे आणि गाड्या असतील, तर महागडा मोठा वाँड घेण्याआधी चांगलं हाताचं तोंड घ्या. शक्यतो पारदर्शक खिडकीचं. ओढलेलं पाणी काळं येतंय की स्वच्छ, फेस आहे की नाही, हे डोळ्यासमोर दिसतं आणि ग्राहकालाही दाखवता येतं. सोफ्याचं ते काळं पाणी बघून शेजारच्या फ्लॅटचं काम मिळाल्याचे प्रसंग माझ्याकडे आहेत.

५. तुमची कंबर

दुकानात वाँड हातात घ्या आणि सरळ उभे राहा. वाकायचं नाही. ओठ जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. पुढचा ओठ उचललेला राहतो का मागचा, ते मदतनिसाला खाली बसून बघायला सांगा. परदेशी वाँड बरेचदा उंच माणसासाठी बनवलेले असतात. मी पाच फूट चार इंच, माझा मदतनीस सहा फुटांच्या जवळ. एका लांबीचा दांडा दोघांना जमणं शक्यच नव्हतं, म्हणून मधली मूठ सरकवता येणारा घेतला. दांड्याला इंग्रजी एस अक्षरासारखा दुहेरी वाक असेल तर ढकलणं-ओढणं हलकं जातं आणि पलंगाखालीही पोचता येतं.

धातूचं म्हणाल तर स्टीलचा वाँड जड असतो, पण त्या वजनानेच ओठ कार्पेटवर दाबून बसतात. ॲल्युमिनियम हलकं, मात्र आपटलं की पोचा येतो. प्लॅस्टिकचं तोंड सुरुवातीला चालतं, ओठ झिजून गोल झाले की ओढ संपली.

खर्च करायचाच असेल तर ग्लाइडवर करा. ओठांवर बसवायची ही टेफ्लॉनसारख्या गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी. तिने ढकलण्याचा जोर इतका कमी होतो की दिवसअखेरीस दंड भरून येत नाहीत, धागेही खरवडले जात नाहीत. पट्टी घेताना ओठांच्या बाहेरच्या कडांचं माप घ्या. तोंड दहा इंची म्हणून दहा इंची पट्टी मागितली आणि बसली नाही, असं सर्रास होतं.

६. आटे जुळतात का

ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. पाण्याच्या जोडणीला आपल्याकडे सहसा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे आटे असतात, अमेरिकन वाँडला एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे. पाव इंची माप दोन्हीकडे तेच लिहिलेलं. पण बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८, आणि आट्यांचा कोनही वेगळा: ५५ अंश आणि ६० अंश. त्यामुळे दोन फेरे छान फिरतात आणि मग अडकतं. नवखा माणूस पाना लावून आवळतो, पितळेचे आटे खरवडले जातात, टेप गुंडाळूनही पाणी ठिबकत राहतं. अडकलं की तिथेच थांबा. दोन्ही आट्यांचं जोडपीस मिळतं, ते आणा.

सक्शनचं टोक सैल पडत असेल तर अंबड किंवा सातपूरला लेथवाल्याकडे जा. नायलॉनचा बुश अर्ध्या तासात कातून देतात. चिकटपट्टीचे वेढे मारून काम चालवू नका, ते ओलं झालं की सुटतं, आणि सुटतं ते नेमकं ग्राहकाच्या हॉलमध्ये.

७. बादली चाचणी: पैसे देण्याआधी

हे मला कोणी सांगितलं नाही, काकूंच्या त्या अंगठ्याने शिकवलं. मशीन गाडीत घालून दुकानात न्या. कार्पेटचा एक मोठा तुकडाही न्या. स्वच्छ टाकीत मोजून दहा लिटर साधं पाणी घाला. शाम्पू नको, फेसाने माप चुकतं. पहिल्यांदा सगळा तुकडा नीट भिजवून ओढून घ्या आणि ते पाणी फेकून द्या, कारण कोरडं कार्पेट स्वतःच बरंच पाणी पितं. आता पुन्हा दहा लिटर घालून सगळं पाणी संपवा, प्रत्येक पट्ट्यावर पाणी बंद ठेवून दोन कोरडे हात मारा, आणि मळक्या टाकीतलं पाणी बादलीत मोजा.

माझ्या मशीनवर त्या चौदा इंचीने साडेपाच लिटर परत दिलं. दहा इंचीने आठाच्या वर. बाकी सगळं तेच, तुकडाही तोच. तुमचे आकडे वेगळे येतील, दोन वाँडमधला फरक बघायचा. दुकानदार चाचणी करू देत नसेल तर "येतो" म्हणा आणि निघा. एक जण मला म्हणाला, "एवढं पाण्याचं काय मोजता, दूधवाले का तुम्ही?" दुसऱ्याने स्वतःच नळ सोडून दिला. वाँड मी दुसऱ्याकडून घेतला.

८. हात कसा चालवायचा, थोडक्यात

ट्रिगर दाबून मागे ओढा आणि हात थांबायच्या वीतभर आधीच सोडा. शेवटपर्यंत दाबून ठेवला तर प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला डबकं साचतं. पुढचा पट्टा आधीच्यावर दोन बोटं चढवा. एक ओला हात, दोन कोरडे. पावसाळ्यात तीन. तोंडाला पारदर्शक खिडकी असेल तर तिच्यातून पाणी दिसायचं थांबेपर्यंत ओढत राहा. होज पाइप उगीच लांब लावू नका, लांबीने ओढ घटते. मशीनच उचलून जवळ न्या.

९. काम संपल्यावर

एक बादली स्वच्छ पाणी वाँडमधून ओढून घ्या, नाहीतर दांड्यात राहिलेला मळ सडतो आणि पुढच्या ग्राहकाकडे मशीन सुरू करताच वास सुटतो. मग पाण्याचा दाब सोडून द्या आणि जेट पुसा. वाँड तोंडावर उभा ठेवू नका, ग्लाइडची कड चेपते. आडवा ठेवा किंवा टांगा. गाडीत एक बिस्किटाचा डबा ठेवा: दोन जादा जेट, एक जाळी, व्हॉल्व्हच्या ओ-रिंग, टेफ्लॉन टेप, छोटा पाना आणि ग्लाइडचे स्क्रू. स्क्रू चार लिहिले असतील तर आठ घ्या. ते कार्पेटमध्ये पडले की सापडत नाहीत, सापडतात ते अनवाणी चालणाऱ्यालाच.